तिच्या डोंगराचं नाव आम्ही सांगत नाही

आज सकाळी आमच्या वावरात सीतादही झाली. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी अशी एकदम सुरू करत नाहीत. आधी धुऱ्याजवळच्या, म्हणजे बांधालगतच्या, एका पऱ्हाटीखाली, कापसाच्या झाडाखाली, खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, पुढे दहीभात ठेवायचा, त्यातला थोडा चारी दिशांना उडवायचा आणि मगच पहिल्या बोंडाला हात घालायचा. दही पांढरं, भात पांढरा, कापूस पांढरा. घर असंच पांढरं भरू दे, एवढंच मागणं.

दरवर्षी मी हे करते. यंदा दहीभात उडवताना उत्तरेकडे मूठभर जास्त गेला. शांताबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. ती आमच्याकडे वेचायला येते, रोशनी पाळण्यात होती तेव्हापासून.

"काहून वो बाई," ती म्हणाली, "तिकडं पाहुणे बसले काय जेवाले?"

बाकीच्या बाया हसल्या, मीही हसले. रोशनी म्हणजे माझी मुलगी. त्या वेळी ती उत्तरेला, बर्फाच्या उतारावर कुठेतरी होती. परवा निरोप आला होता, "आम्ही वर निघतो आहोत." त्यानंतर काही नाही. वावरात हे मला आणि रोशनीच्या बाबांनाच ठाऊक होतं. बाकी गावाच्या मते ती यवतमाळला, तिच्या शाळेत मुलांना खेळ शिकवत होती. आम्ही हे का लपवलं, ते सांगायचं तर गेल्या वर्षीचा कापसाचा हंगाम सांगावा लागेल. हे लिहायला ती निघण्याआधीच मी तिची परवानगी घेतली आहे. फक्त डोंगराचं नाव तेवढं इथेही येणार नाही.

मी लग्नाआधी दोन वर्षं शाळेत गणित शिकवत होते. शाळा सुटली, सवय सुटली नाही. कोणी 'खूप पाऊस झाला' म्हटलं की मी 'किती' विचारते. 'लांब आहे' म्हटलं की 'किती किलोमीटर'. रोशनीचे बाबा म्हणतात, देव प्रसन्न झाला तर ही त्याच्याकडूनही मोजून घेईल. कॉलेजमधून रोशनी पहिल्यांदा बर्फातल्या शिबिराला निघाली, तेव्हाही मी आकडेच विचारले. थंडी किती? म्हणाली, उणे वीसपर्यंत जाते. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस सहज होतं. दोन्हींत पासष्ट अंशांचा फरक. एका अंगानं हा फरक झेलायचा कसा, ते मला कळेना. उंची विचारली, तीही आवाक्याबाहेरची निघाली. आमच्या वावरात सगळ्यात उंच जागा म्हणजे विहीर खोदताना निघालेल्या मुरमाचा ढीग. त्यावर उभं राहिलं की शेजाऱ्याची तूर दिसते. एवढीच आमच्या घराण्याची चढाई.

नाही म्हणायला, कापूस होता. एका वर्षी कापूस पुढच्या खोलीत जो भरला, तो होळीपर्यंत तिथेच राहिला. खोली निम्म्याहून वरपर्यंत पांढरी. पाहुणे आले की स्वयंपाकघरात बसायचे. घरभर सरकीचा उग्र, तेलकट वास. भाकरीला, केसांना, पांघरुणाला. रोशनी तेव्हा आठ वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर फेकायची, भिंतीतल्या कोनाड्यात पाय देऊन आढ्याच्या लाकडावर चढायची आणि तिथून कापसात उडी. आवाज नाही की धक्का नाही. पोरगी दिसेनाशी व्हायची आणि मग दोन हात वर यायचे. तिला रागावून उपयोग नव्हता. मी फक्त एक नियम केला होता. उडीआधी मी लांब बांबू घेऊन ढिगात जागोजागी खुपसून बघणार. आत एखादा विळा, एखादं वजन राहिलेलं असू शकतं. मी बांबू खुपसेपर्यंत ती वर लाकडाला धरून बसायची. "झालं काय? आई, झालं काय?" हे तिचं चालू असायचं.

या उड्यांची शिक्षा तिला त्या पहिल्या शिबिरात मिळाली. ताजा, मऊ बर्फ समोर पसरलेला पाहून हिनं कुणाला न विचारता वरच्या कडेवरून उडी मारली. छातीपर्यंत रुतली. हलता येईना. तिथल्या सरांनी दोरी टाकून ओढून काढलं आणि सगळ्यांदेखत झापलं. कुठून आलीस, विचारलं. यवतमाळहून. तिथे बर्फ पडतो का? "नाही सर, कापूस असतो," ही म्हणाली. सर हसले नाहीत. त्यांनी एक लांब सळई तिच्या हातात दिली आणि दिवसभर, एकेक पाऊल टाकण्याआधी, बर्फात खुपसून बघायला लावलं. खाली पोकळी असते, वरून कळत नाही. त्या दिवशीच्या फोनवर ती पहिलं वाक्य हेच बोलली, "आई, इथं तुझा बांबू आहे."

तिला तिकडे काय मिळतं, ते मला त्या फोनवरून थोडं कळलं. पूर्ण नाही कळलं. आजही पूर्ण कळतं असं म्हणणार नाही.

आता गेल्या वर्षीचं. दसऱ्याच्या सुमाराला पाच जणांची एक तुकडी चढाईला गेली, त्यात रोशनी. ज्या तळावर ते राहतात, तिथून थोडं खाली आलं की एका मोठ्या दगडाजवळ मोबाईलला रेंज मिळते. त्या दगडाजवळून कुणीतरी निरोप पाठवला, उद्या पहाटे सगळे शिखराकडे निघत आहेत. मी तो वाचला, दोनदा वाचला आणि देवापुढे ठेवावा तसा फोन ओट्यावर ठेवला. तेवढ्यात गजू आला. गजू म्हणजे रोशनीच्या चुलत काकांचा मुलगा. गावातल्या प्रत्येक कामात पुढे, मनानं चांगला, धीर मात्र अजिबात नाही. त्यानं निरोप वाचला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या तालुक्याच्या गावी, घाटंजीच्या बसस्टँडजवळ फ्लेक्स लागला. 'हिमशिखर सर करणाऱ्या आपल्या लाडक्या कन्येचे हार्दिक अभिनंदन.'

"अरे गजू," मी म्हणाले, "ती निघाली म्हणते. पोचली कुठं म्हणते?"

"काकू, निघाली म्हणजे पोचलीच समजा. यवतमाळहून गाडी निघाली का घाटंजीले येतेच ना?"

"कधी कधी वाटेत बंद पडते," रोशनीचे बाबा म्हणाले.

"मंग दुसरी येते!"

त्याचं चुकलं, पण त्याच्यावर मी फार चिडू शकले नाही. आमच्या मुलखात निघालेला माणूस पोचतोच. उशीर होईल, जीपच्या टपावर बसून जावं लागेल, पण पोचतो. सपाट जमिनीवर वाढलेल्या माणसाला, निघून, जवळ जाऊन, समोर दिसत असूनही परत फिरणं असतं, हे ऐकूनही खरं वाटत नाही.

फ्लेक्सवर रोशनीचा फोटो ओळखपत्रावरचा होता, घाबरलेला. खाली शुभेच्छुक म्हणून चौदा जण, सगळे हात जोडून. त्यांतल्या तिघांना मी ओळखत नव्हते. मागचा डोंगर इम्रानच्या कॉम्प्युटरमधला. इम्रानचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, मुलगा सज्जन आहे. त्यानं स्वतःच मला सांगितलं, की काकू, याच डोंगरापुढे मी मागच्या महिन्यात साखरपुड्याचं जोडपं उभं केलं होतं, तेव्हापासून हा डोंगर फार चालून राह्यला.

रोशनी आली ती दिवाळीआधी. उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत. बसमधून उतरली आणि समोर तो फ्लेक्स. ती बराच वेळ वाचत राहिली. गजू हार घेऊन उभा.

"गजूदादा, हा डोंगर कोणता हो?"

"डोंगर म्हणजे डोंगर, बाई. मान खाली कर, हार घालू दे."

"आम्ही वर नाही गेलो, दादा. परत फिरलो."

गजूचे हात तसेच राहिले, हारासकट. मग तो इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "कोणाले सांगू नको. कोण पाहाले गेलतं?"

दुसऱ्या दिवशी गावातल्या शाळेत सत्कार ठरलेला होता. मी तिला म्हटलं, नको जाऊ. ती गेली. माईक हातात घेऊन म्हणाली, की फ्लेक्सवर लिहिलंय ते झालेलं नाही, आम्ही शिखराच्या खालून परतलो, आमच्यातल्या एकीची तब्येत बिघडली होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण मुलं कशालाही वाजवतात. मोठ्यांनी जरा थांबून वाजवल्या. नारळ आणि शाल मात्र दिली. आणलेली होती.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते सकाळच्या दवासकट. कापूस फुटलेला, बायांच्या कमरेला वेचलेला कापूस टाकायच्या ओट्या, पायात पऱ्हाटीच्या वाळक्या पानांचा चुरा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बर्फात गोठलेली बोटं वाचली आहेत, पण शेंड्यांना जाण परत येईल की नाही, ते वेळच सांगेल. रोशनीनं शाळेतून मोठी रजा घेतली आणि वेचायला येऊ लागली. म्हणाली, याच्यापेक्षा चांगला व्यायाम बोटांना कोणता? बोंड उकललं की त्याच्या पाकळ्यांची टोकं वाळून सुईसारखी होतात. ज्याला वेचता येतं तो चार बोटांनी, टोकं चुकवून कापूस ओढतो. तिला टोक लागलेलं कळायचंच नाही. ओळ संपवून ती आली आणि शांताबाई ओरडली, "अवो पोरी, कापूस लाल करून राह्यली ना वो तू!"

खरंच तिच्या ओटीतल्या कापसावर लाल ठिपके होते. रोशनीनं बोटं उलटी करून बघितली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी.

शांताबाईनं आपल्या लुगड्याचं टोक फाडून तिच्या बोटांना बांधलं. बांधता बांधता विचारलं, जे अख्खं गाव पाठीमागे विचारत होतं.

"मले एक सांग. कायले जातं तुम्ही लोक मराले?"

"मराले नाही जात, मावशी."

"मंग?"

रोशनीनं विचार केला. "तिथं डोक्यात दुसरं काहीच राहत नाही. पाय कुठं ठेवायचा, तेवढंच राहतं. डोकं एकदम साफ होते."

"तं मंग वेचाले ये ना रोज! इथंही साफ होते. माह्या डोक्यात तं बारा वर्साचं काही नाही."

दोघी इतक्या हसल्या की पलीकडच्या ओळीतल्या बाया उभ्या राहिल्या. पण शांताबाईचा प्रश्न तसाच राहिला, आणि तो माझाच होता.

मी त्याचं गणित मांडून पाहिलं. जिवाचा धोका काय फक्त डोंगरावर असतो? शांताबाईच्या हाताखालून वेचताना नाग गेलेला मी पाहिला आहे. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन, तोंडाला फडकं बांधून माणसं भर उन्हात फिरतात. विहिरीतला गाळ काढायला दोरावरून उतरतात. तेव्हा त्यांना कोणी 'कायले जातं' असं विचारत नाही. हे मी रोशनीच्या बाबांना एकदा जोरात ऐकवलंही. पण नंतर मला माझंच पटेना. ती तुलना बरोबर नव्हती. गाळ काढायला उतरणाऱ्याला नाही म्हणायची सोय नसते. रोशनीला होती. सोय असून जो जातो त्याला वेगळं उत्तर द्यावं लागतं.

मग मी दुसरं गणित केलं, किती जातात आणि किती परत येतात. आकडे शोधले, थोडे मिळाले, आणि लक्षात आलं, की ते मला उपयोगाचे नाहीत. शंभरातला एक म्हटलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पण माझ्या अपूर्णांकाचा छेद शंभर नाही. एक आहे.

तिला शिकवणाऱ्या सरांशी मी एकदा फोनवर बोलले. झापणारे तेच. तिकडच्या पहाडातलेच आहेत. हिमकडा कोसळला त्यात त्यांचा सोबती गेला, आणि ते पुढच्या वर्षी पुन्हा त्याच वाटेनं गेले, हे मला रोशनीनं सांगितलं होतं. मी सरळ विचारलं, का गेलात? ते हिंदीत बोलले, मी माझ्या भाषेत सांगते. म्हणाले, तरुण होतो तेव्हा माझ्याकडे याची छान उत्तरं होती, ती भाषणांत चालायची. आता एकच सांगू शकतो. तिथे मी जितका सावध असतो तितका दुसरीकडे कुठेच नसतो, आणि सावध असतो तेव्हाच मी मला आवडतो. मग म्हणाले, तुमची मुलगी परत फिरली, मला तिची काळजी वाटत नाही. जे कधीच फिरले नाहीत त्यांची वाटते.

मला मात्र काळजी वाटत होती आणि तिचं कारण अंगणात पसरलेलं होतं. सत्कारानंतर गजूनं लाजेनं फ्लेक्स उतरवून आमच्याकडे आणून टाकला. रोशनीच्या बाबांनी तो ताणून बघितला, म्हणाले, चांगला जाड आहे, आणि अवकाळीचं आभाळ आल्यावर अंगणातल्या कापसावर टाकला. त्यांच्या मनात काही नव्हतं. आमच्याकडे जुने फ्लेक्स असेच संपतात, कडब्यावर, गोठ्यावर, कापसावर. कित्येक पुढारी आमच्या गावात वर्षानुवर्षं उलटे पडून असतात. रोशनीलाही हसू आलं. "बाबा, माझं तोंड कापसाकडे करा, थंडी वाजते."

पण एकदोनदा मी तिला त्या ढिगाजवळ उभी पाहिली. 'हिमशिखर सर करणाऱ्या' यातला 'सर' हा शब्द नेमका वर आला होता, ती तिकडे बघत होती. दुकानात कुणी म्हणालं होतं, अर्ध्यातून आली म्हणे. कुणी म्हणालं, जमत नव्हतं तर फ्लेक्स कायले लावाचा. आणि मला एकदम भीती वाटली. बर्फाची वाटत होती त्याहून ही जास्त होती. पुढच्या वेळी, अगदी शिखराजवळ, सोबतच्याचा किंवा स्वतःचा तोल जात असताना, हिला हा फ्लेक्स आठवला तर? परत फिरायची वेळ झाली आणि घाटंजीच्या बसस्टँडवरच्या चौदा लोकांनी हिला वर ढकललं तर?

दुपारच्या भाकरीला आम्ही दोघी मुरमाच्या ढिगावर बसायचो, तिथे वारा असतो. तिथेच मी विचारलं.

"किती राहिलं होतं?"

तिनं भाकरीचा तुकडा ठेचा लावून तोंडात टाकला आणि हातानं दाखवलं. "इथून नाल्यापर्यंत. फक्त चढाचं."

नाला आमच्या ढिगावरून स्पष्ट दिसतो. काठावरची बाभळ, तिच्यावरचा बगळा. मी बघतच राहिले. मला वाटलं होतं, फार दूर राहिलं असेल.

"मग?"

तिच्या दोरीला अमृता होती, कोल्हापूरकडची मुलगी. त्या उंचीवर हवा विरळ असते, डोकं भ्रमतं. अमृता मध्येच बसली, बुटाखालच्या लोखंडी काट्यांचा पट्टा सुटला होता, तो तिला बांधता येईना. रोशनीनं आपला वरचा हातमोजा काढून तो पट्टा बांधला. बोटं तिथेच गोठली.

"मी तिला विचारलं, तुझं नाव काय? तिनं सांगितलं. थोडं वर गेलो, परत विचारलं. तिनं माझं नाव सांगितलं."

"तुझं?"

"हो. 'रोशनी' म्हणाली. हसून. आपलंच नाव सांगितल्यासारखं." तिनं भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. "वर जायचा रस्ता समोर होता, आई. पण खाली यायचा तिच्या पायात नव्हता राहिला. मग फिरलो. बाकीचे तिघंही फिरले. कोणी वाद नाही घातला."

मी तिला पाणी दिलं. मग मनातलं बोलले, कारण मला आडून बोलता येत नाही. "पुढच्या वेळी गावातलं बोलणं आठवून फिरली नाहीस तर?"

मला वाटलं, चिडेल. ती नाल्याकडे बघत म्हणाली, "तेच बघून राह्यली मी. मले डोंगर दिसते का फ्लेक्स दिसते. फ्लेक्स दिसत असंल, तं नाही जाणार."

यवतमाळला राहून ती पुस्तकी बोलते, पण मनातलं बोलायला लागली की वावरातलं बोलणं येतं. म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवला.

संक्रांत झाली. तुरीच्या शेंगा वाळायला लागल्या, दुसरी वेचणी निम्मी झाली. शिवारात दुपारी फक्त ओट्यांची सळसळ आणि बायांचं बोलणं. त्या दिवशी मी चार ओळी पुढे होते. मागून रोशनीची किंकाळी आली.

"आई गं!"

मला नाग आठवला. शांताबाई विळा घेऊन धावली. मी पऱ्हाटी मोडत, ओटी सांडत पोचले, तर ही हात वर धरून उभी. मधल्या बोटावर रक्ताचा थेंब आणि तोंडभर हसू.

"टोचलं! आई, टोचलं!"

"कायनं टोचलं?" शांताबाई पऱ्हाटीखाली वाकून बघत होती.

"बोंडानं, मावशी!"

"बाप्पा रे! एवढ्यानं बोंबलली? मी म्हटलं जनावर चावलं का काय." मग तिच्या लक्षात आलं. तिनं विळा खाली टाकला, रोशनीचं बोट हातात घेतलं आणि दुसऱ्या एका बोंडाचं टोक त्याला हळूच लावलं. "हे?"

"हो!"

"अन् हे?"

"अगं मावशी, दुखतं ना!"

"दुखते ना? दुखू दे माय, चांगलं दुखू दे."

त्या दोघी भर वावरात बोटाला काटे टोचत होत्या आणि हसत होत्या, आणि मी सांडलेला कापूस गोळा करत होते. तेव्हा मला काय वाटलं, ते नीट मांडता येत नाही. दुखलं म्हणून इतकं हसणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. या लोकांना मरणाची ओढ असते, असं म्हणतात. त्या दुपारनंतर मला ते कधी पटलं नाही. जे दुसऱ्यांना रोज फुकट मिळतं आणि म्हणून कळतही नाही, बोटाच्या शेंड्यावरची जाण, छातीत जाणारी हवा, सोबतच्याला आपलं नाव आठवणं, ते यांना फार दूर जाऊन दिसतं. एवढ्या लांब जायची गरज आहे का? मला विचाराल तर नाही. पण मी आढ्यावर चढून कापसात उडी मारणारी पोर नव्हते. मी बांबू खुपसणारी होते. दोन वेगळी माणसं आहेत ही, आणि दोघींची गरज असते, एवढं मी मान्य केलं.

होळीच्या आधी कापूस गेला, अंगण रिकामं झालं, पळस लाल झाला. मी फ्लेक्सची घडी घालत होते, रोशनीनं दुसरी बाजू धरली.

"आई, मी महिनाभर एकच गोष्ट विचारली स्वतःले. कोणाले सांगाचंच नसंल, फोटोही काढाचा नसंल, गेली होती हे कोणाले कधीच कळणार नसंल. तरी जावंसं वाटते काय?"

"आणि?"

"वाटते."

मी घडी पूर्ण केली. तिचे बाबा खाटेवर होते, झोपेचं सोंग घेऊन. मी म्हणाले, "मग तसंच जा. कोणाला सांगू नको. डोंगराचं नावही नको. गजूला तर मुळीच नको."

खाटेवरून आवाज आला, "आणि इम्रानलेही नको. तो डोंगर काढूनच ठेवंल."

असं ठरलं. हे आनंदानं ठरलं, असं मी लिहिणार नाही. मला हो म्हणता आलं, एवढंच. तयारीसाठी पुढचे सहा-सात महिने ती यवतमाळला पाठीवर दगडांची पिशवी घेऊन शाळेचे जिने चढली. गजूनं तिला एकदा पाहिलं आणि मला काळजीनं विचारलं, काकू, रोशनीच्या शाळेत बांधकाम चालू आहे काय?

आणि आज सीतादही. पहिलं बोंड मी वेचलं, बायांनी ओळी धरल्या. फोन मी पदराच्या गाठीत बांधला होता. गेल्या वर्षी अशा वेळी निदान गाव सोबत होतं, चुकीचं का होईना, आनंदात होतं. यंदा भीतीही आम्हां दोघांचीच. रोशनीचे बाबा काही काम नसताना विहिरीवरच्या मोटारीपाशी जाऊन उभे राहत होते आणि मधून मधून माझ्याकडे बघत होते. मी मान हलवत होते. नाही.

मी वेचत राहिले. चार बोटं, टोक चुकवायचं, ओढायचं. ऊन वर आलं. शांताबाई तिच्या नातवाच्या खोड्या सांगत होती, मी हूं हूं करत होते. डोकं साफ होतं म्हणतात, माझं झालं नाही. माझ्या डोक्यात एक दोरी होती, तिला बांधून चालणारी माणसं होती आणि उतार होता. चढताना दम जातो, पण पडणारे बहुतेक उतरताना पडतात, हे रोशनीनंच मला सांगितलं होतं. त्यामुळे ती वर पोचली असेल का, हा प्रश्न मला पडतच नव्हता. माझं सगळं लक्ष खाली येण्याकडे होतं.

भाकरीची वेळ झाली तेव्हा फोन वाजला. गाठ सुटेना. दातानं सोडली.

"आई?" आवाज तुटत होता, वारा होता. ती त्या दगडाजवळ असणार.

"किती जण खाली आले?" मी विचारलं.

"पाच."

"गेले किती होते?"

"आई, पाचच."

"बोटं?"

"दहा. सगळी दुखून राह्यली."

मी ओळीतच बसले, पऱ्हाटीच्या सावलीत. मोटारीपाशी रोशनीचे बाबा उभे होते. मी हात वर केला आणि पंजा उघडा धरला. ते तिथेच खाली बसले.

"आई, अजून एक गोष्ट नाही विचारली तू."

मला जाणून घ्यायचं नव्हतं, असं नाही. फार घ्यायचं होतं. पण ती गोष्ट आधी तिची होती. "घरी आली की सांग," मी म्हणाले. "सावकाश सांग. जेवलीस का?"

"दोन दिवस काही गेलंच नाही, वर भूक मरते. आता इतकी लागली, इतकी लागली..." पुढचं वाऱ्यात गेलं आणि फोन बंद झाला.

शांताबाई ओटी सावरत माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "कोणाचा होता वो?"

"रोशनीचा."

"काय म्हणते?"

"भूक लागली म्हणते."

तिनं माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग आपल्या पदरानं माझे डोळे पुसले, जरा जोरातच. "तं जेव म्हणा ना पोरीले," ती म्हणाली. "ह्याच्यात रडाचं काय?"